चाळीस दिवसांचं जेवण

इसोल्दाच्या एकुलत्या मुलाला भोसकून वॉरिन धावत आमच्या चर्चमध्ये शिरला. चर्चच्या भिंतींच्या आत असेपर्यंत, चाळीस दिवस, त्याला कुणी हात लावू शकत नव्हतं आणि तोवर त्याला जेवू घालणं गावाला भाग होतं. शिपाई दाराशी पहारा देत बसले.

त्याला शिळा तुकडाही द्यायला कुणी तयार होईना. शेवटी ताट घेऊन आली ती इसोल्दाच. रोज चरबीत परतलेलं डुकराचं मांस, लोण्यात थबथबलेला पाव आणि वर दाट बिअर.

"लाज कशी वाटत नाही गं तुला?" विहिरीवर तिची जाऊ कडाडली. "पोटच्या पोराला मारलं त्यानं, आणि तू त्याला जावयासारखं जेवू घालतेस!"

"शत्रूवर प्रेम करा, असं फादरच सांगतात ना?" इसोल्दा म्हणाली. "बघ ना, किती काडीसारखा आहे तो."

मी चर्चचा कारकून. या बाईपुढे माझं सगळं वाचन फुकट, असं मला वाटलं. तिच्या पाया पडावं असंही मनात आलं, पण धीर झाला नाही.

चाळिसाव्या दिवशी पहाटे वॉरिनच्या बोंबा ऐकून आम्ही सगळे चर्चमागे धावलो. वेदीमागच्या ज्या अरुंद खिडकीतून पूर्वी दोन चोर निसटले होते, तिच्यात तो पोटाशी घट्ट अडकला होता. पाय आत, डोकं बाहेर.

इसोल्दानं शिपायाला शांतपणे विचारलं, "मान तर भिंतीबाहेर आली ना, दादा?"