ओटीवरची ॲडमिशन

इंग्लिश मीडियम शाळेच्या ओपन हाउसला राऊतबाई पालकांना भार्गवचं गणित कुठे अडतं ते मराठीत सांगू लागल्या, तशी त्याची आई सगळ्यांसमोर फणकारली, "टीचर, इन इंग्लिश, प्लीज!" बाई अडखळल्या, बाकीचे पालक फिदीफिदी हसले आणि पुढे तिच्याच तक्रारीवरून बाईंची नोकरी गेली.

बाईंनी भुईगावच्या घरी ओटीवर शिकवणी काढली. वर्षभरात भार्गवची आई लेकाला घेऊन दारात हजर. "बाई, नव्या टीचरचं फाडफाड इंग्लिश ह्याच्या डोक्यावरून जातं हो. पाया पडते, घ्या ना ह्याला."

याच घडीची बाई वाट बघत होत्या. त्या गोड हसल्या. "इन इंग्लिश, प्लीज."



भार्गवच्या आईला इंग्रजीतलं तेवढं एकच वाक्य येत होतं.