चाळीस फोन

"बंद करा सगळे फोन! आत्ताच्या आत्ता!" सुपरवायझर दारातूनच ओरडला. "टॉप शंभर गाण्यांची यादी काढणारे जागे झालेत. कोणाचं गाणं आपल्यासारख्यांनी वर चढवलंय, ते उद्या जाहीर करणार आहेत. नावानिशी!"

ताईची नजर आधी कोपऱ्यातल्या फळीकडे गेली.

खोलीत भिंतभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर सहाशे फोन. ज्या गायकाने काम दिलं, त्याचं गाणं हे सहाशे 'श्रोते' दिवसभर ऐकत बसायचे. अडकलेला फोन पुन्हा सुरू करणं, हे ताईचं काम. घरी तिने 'मोबाइलचं काम आहे' एवढंच सांगितलं होतं. अगदीच खोटं नव्हतं म्हणा.

तीन आठवड्यांपूर्वी तिच्या धाकट्या भावाचं पहिलं गाणं बाहेर आलं. दोन वर्षं राबला होता बिचारा त्या एका गाण्यावर. पहिल्या दिवशी ते एकसष्ट जणांनी ऐकलं, त्यातले निम्मे नातेवाईक. पोरगा जेवायलाही उठेना. बहिणीचा जीव तो, राहवतंय थोडंच? तिने कोपऱ्यातल्या फळीवरचे चाळीस फोन गुपचूप त्याच्या गाण्याला लावले. त्या फळीकडे कोणी ढुंकूनही बघत नसे.

गाणं यादीत आलं. आधी नव्वदावं, मग चाळिसावं, मग अकरावं आणि काल चक्क पहिलं! आईने शेजारणीला धरून अंगणात नाचवलं. 'गाण्याने पोट भरतं का' म्हणणारे बाबा फोनवर ओळखीच्या माणसांना गाणं ऐकवत सुटले. ताई सगळ्यांबरोबर हसली आणि रात्रभर कूस बदलत राहिली. एकदा ढकललं की गाणं आपोआप वर जातं, असं कामावर सगळेच म्हणायचे. म्हणजे हे सगळं तिच्याच फोनांचं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

आज चार वाजता भाऊ एका मोठ्या कंपनीत करारावर सही करणार होता. आज सही आणि उद्या बदनामी झाली, तर जन्मात कोणी त्याला दारात उभं करणार नव्हतं. त्याने आधी स्वतःहून सांगितलं, तर निदान अब्रू तरी वाचेल.

घड्याळात चारला पाच कमी होते. ताईने बाथरूममध्ये जाऊन कडी लावली आणि फोन केला.

"ताई, अगं पेन हातात आहे माझ्या! पटकन बोल."

"सही करू नकोस," ती म्हणाली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

तो चिडला असता, शिव्या दिल्या असत्या, तरी तिला बरं वाटलं असतं. त्याने एवढंच विचारलं,

"म्हणजे कोणीच ऐकलं नाही, ताई?"

तिकडून फोन बंद झाला.

वीस मिनिटांनी त्याचा मेसेज आला. 'खरं काय ते सांगितलं सगळ्यांना. गाणं काढून टाकलं, सगळीकडून. आता परत गाणार नाही.'

ताई तिथेच भिंतीला टेकून पोटभर रडली. मग तोंड धुतलं आणि सरळ सुपरवायझरपुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, कोपऱ्यातले चाळीस फोन मी चोरून वापरले. भावाच्या गाण्यासाठी. काढायचं तर काढा मला कामावरून."

सुपरवायझरने कपाळावर हात मारला. "त्या फळीवरचे? अगं वेडाबाई, ते फोन यादीवाल्यांनी वर्षापूर्वीच पकडलेत. वाजतात नुसते, त्यांचं ऐकणं मोजत कोणी नाही. म्हणून तर तिकडे आम्ही फिरकत नाही." आणि तो हसायलाच लागला. "कुठलं गं गाणं तुझ्या भावाचं?"

तिने सांगितलं.

त्याचं हसू थांबलं. "ते पहिलं आलेलं? अगं, आत्ताच माझ्या पोरीचा फोन आला होता. ते गाणं कुठेच लागत नाहीये म्हणून रडत होती."