राणीचं पाऊल

"चपला काढा!" शिखरावरच्या बुरुजापाशी गाइड ओरडला. "साडेतीनशे वर्षांपूर्वी राणीसाहेब इथं उभ्या राहिल्या. हे त्यांचं पाऊल!"

खाली चार दऱ्या उन्हात लखलखत होत्या, पण सगळी गर्दी दऱ्यांकडे पाठ करून ठसा उमटलेल्या ओट्यापुढं वाकली. गर्दीतली एक म्हातारी तेवढी खो खो हसत सुटली.

"अगं, लोक बघतायत," तिचा गवंडी नवरा कुजबुजला.

"बघू देत! राणी म्हणे! ती कशाला पायी येतेय, पालखीतून खाली उतरली असेल तर शपथ. बुरुजाच्या डागडुजीला घमेली वाहताना ओल्या कोब्यात पाय कुणाचा पडला होता? सगळ्यांदेखत माझा उद्धार केला होतात तुम्ही!"

तिनं चप्पल भिरकावली आणि पाय त्या ठशात ठेवला. वाकड्या करंगळीसकट चपखल बसला.

"चाळीस वर्षं ऐकवताय, काम नासवलंस म्हणून. आता वाका!"

म्हातारा गुडघे धरून, हसत हसत वाकला.

"आणि काय हो, थापी तर तुमच्याच हातात होती. एकदा फिरवली असती तर बुजला असता ठसा. का नाही फिरवलीत?"

म्हाताऱ्याचे कान लाल झाले. ठशातली धूळ फुंकत तो म्हणाला, "मुकादमाला खोटंच सांगितलं, बुजवला म्हणून. आणि वाळेपर्यंत वर गोणपाट टाकून राखण करत बसलो."