दत्तक कवटी

नेपल्सच्या अस्थिगुहेत पर्यटकांना हिंडवणारी असुंता आपल्या दत्तक कवटीपाशी थांबली. बेवारस कवटी पुसायची आणि तिच्याकडे मागणं मागायचं, ही तिथल्या बायकांची रीत. कवटीला घाम फुटला, की मागणं पावलं.

नवऱ्याची होडी अकरा दिवस परतली नव्हती.

"वीस वर्षं पुसतेय तुला, मेले," ती कालच रडत म्हणाली होती. "माझ्या आनिएल्लोचं ते सोन्याच्या दाताचं हसू एकदा बघू दे गं!"

आज कवटी ओलीचिंब होती. हसतरडत असुंताने ती पुसली. रुमालाला समुद्राचा वास आला.

"अय्या, हिला सोन्याचा दात!" एक पर्यटक बाई वाकून म्हणाली.

कालपर्यंत त्या जबड्यात एकही दात नव्हता.