काचेची केबिन

"तुम्ही चोर आहात, सर. माझे मूळ कागद तुम्ही दाबून ठेवलेत."

गौरी हे उभ्यानेच बोलली. रिसेप्शनवर बसलेल्या चार पालकांनी माना वर केल्या. खासगी कॉलेजच्या ॲडमिशनवाल्या सरांनी मोबाइलवरून नजरही काढली नाही.

"बेटा, ओरडू नको. कागद अहमदाबादच्या ऑफिसला गेलेत. दोन दिवसांनी ये."

"मला आत्ता पाहिजेत. पाचच्या आत तिकडे मूळ कागद दाखवले नाहीत तर माझी सीट जाईल."

"तिकडे म्हणजे त्या सरकारी कॉलेजात? तिथे पावसाळ्यात छत गळतं गं. आपल्याकडे एसी लॅब आहे."

गौरीने दोन्ही कॉलेजं डोळ्यांनी पाहिली होती. इथल्या वर्कशॉपची फरशी आरशासारखी. लेथ मशीनवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. तिकडे, रेल्वेने दीड तासावर, भिंतींचा रंग उडालेला. पण लेथखाली तेलाचं डबकं होतं आणि पोरापोरींचे हात कोपरापर्यंत काळे होते. ज्या मशीनखाली तेल सांडत नाही ते मशीन चालत नाही. लूमवाल्याच्या पोरीला हे कोणी शिकवावं लागत नाही. तिला मेकॅनिकल शिकायचं होतं. फरशीत तोंड बघायचं नव्हतं.

पण कागद इथे अडकले होते. आणि ते दिले होते तिच्या बापाने, स्वतःच्या हाताने.

महिन्यापूर्वी याच सरांनी लिंबायतमध्ये, खानदेशी मजुरांच्या वस्तीत, समाजाच्या हॉलात मार्गदर्शन शिबिर ठेवलं. माइक हातात घेतला आणि पहिलंच वाक्य अहिराणीत टाकलं. "मी बी तुमनाच शे." संपलं! घर सोडून आलेल्या खानदेशी माणसाला कोणी आपल्या बोलीत हाक मारली की तो घराची किल्लीसुद्धा काढून देतो. तिचा बाप सुकदेव पहिल्या रांगेत बसला होता, सरांच्या तोंडाकडे टक लावून. त्याने मूळ कागदांची फाइल दोन्ही हातांनी दिली, देवाला नारळ द्यावा तशी. पोच मागितली नाही. आपल्या माणसाकडे पोच मागायची लाज वाटते. अशी लाज चाळीस घरांना वाटली.

आता तोच सुकदेव सोफ्याच्या टोकावर बसला होता. उधन्याच्या लूमवर, कापडाच्या यंत्रमागावर, बावीस वर्षं. त्या खडखडाटात कान कधीच गेलेले.

"काका, चहा घेणार?" सरांनी मोबाइलमध्ये बघत विचारलं.

सुकदेव बसून राहिला.

"ऐकू नाही येत वाटतं काकांना," सर हसले. "बरंय. घरी शांतता असेल."

गौरीचे कान तापले. घरी हे रोजचंच होतं. पाठमोरं राहून काही विचारलं की बाप एवढंच म्हणायचा, "तोंड इकडे कर, बेटा." लहानपणी तिला वाटायचं, बाप शिस्तीचा आहे. मोठी झाल्यावर मैत्रिणींसमोर लाज वाटायला लागली.

"थांबा, तुमच्यासमोर फोन लावतो," म्हणत सर काचेच्या केबिनमध्ये गेले. क्लार्क मगनभाई मागोमाग गेला. दार बंद झालं. आतलं अक्षरही बाहेर येईना. सरांनी फोन कानाला लावला खरा, पण बोलत होते ते मगनभाईशी. मगनभाई मान डोलवत हसला.

भिंतीवर साडेबारा. उधन्याहून तिकडची गाडी सव्वा वाजताची. गौरीने बापाकडे पाहिलं. तो काचेकडे बघत बसला होता, आवाज बंद केलेला टीव्ही बघावा तसा. ओठ जरासे हलत होते.

"पप्पा, तुम्ही तरी काही बोला ना!"

बापाची नजर काचेवरून हलली नाही. तिला त्याचा राग आला. मग स्वतःचा आला. मग तिने ठरवलं, कागद घेतल्याशिवाय इथून हलायचं नाही. पोलीस बोलावले तरी नाही.

सर बाहेर आले. चेहरा दुःखी करून आले.

"नाही गं जमत. अहमदाबादहून परवाच येतील. पप्पांना समजाव. घराजवळ राहशील. बस दारात येईल. परक्या गावात पोरगी एकटी कशाला टाकायची?"

सुकदेव उठला. बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. त्याचा आवाज पूर्ण मजल्यावर घुमला.

"‘फाइल नीचेना कबाटमां ज छे, मगन. चावी काढतो नहीं. पांच वाग्या पछी छोकरी क्यां जवानी?’"

सरांचं केबिनमधलं गुजराती, शब्द न् शब्द: फाइल खालच्या कपाटातच आहे, चावी काढू नको, पाच वाजल्यावर पोरगी कुठे जाणार! चारही पालक उभे राहिले. मगनभाईची नजर आपोआप केबिनमधल्या खालच्या कपाटाकडे गेली आणि तिथेच अडकली. चावी त्याच्याच बोटात लटकत होती.

"काका... दार तर बंद होतं," सरांच्या तोंडून निघून गेलं.

"बावीस वरीस लूमवर काढात. तठे दोनशे माग एकदम चालतस. तठे कान काय कामना? आम्ही तोंड दखीसन, ओठ वाचीसन बोलतस."

गौरी बापाकडे बघतच राहिली. मग तिने सरांसमोर हात पसरला. मागायला नाही. घ्यायला.

सर मान भिंतीकडे वळवून मगनभाईला काहीतरी पुटपुटले.

"तोंड इकडे कर," सुकदेव म्हणाला. "आते मनी पोरले सांग. कागद कोठे शेतस?"