एकोणीस जणांचं दार

मंगळावरच्या घुमटाला तडा गेल्याचा संदेश पडद्यावर उमटला आणि कर्णिकसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. पूर्वी तिथलं हवाबंद दार पृथ्वीवरच्या सर्व्हरला विचारायचं, ‘बंद होऊ का?’ आणि संदेश इथे पोचून उत्तर परत जाईपर्यंत अर्धा तास ताटकळायचं. ती पद्धत त्यांच्या हाताखालच्या इंजिनिअर शरयू दिघेनं महिन्यापूर्वी भांडून बदलून घेतली होती.

“न विचारता बंद होणार?” साहेब तेव्हा कडाडले होते.

“दूध उतू जाताना तुम्ही आधी गॅस बंद करता, की वहिनींना फोन लावून विचारता, सर?”

आता शरयूनं संदेशाची खालची ओळ शांतपणे वाचून दाखवली. दार बंद झालंय, तिथले एकोणीसही जण दाराआडच्या भागात सुखरूप.

साहेब मटकन खुर्चीत बसले. “हे घडलं कधी?”

“पाव तासापूर्वी, सर. आपल्याला फक्त कळवलंय.”