आवळलेला श्वास

"फुंक! फुंक, फुंक! सोडू नको, अजून!"

नर्स विबेके दोन्ही हात उडवत ओरडत होती. इंगरच्या नाकाला चिमटा, तोंडात नळी, डोळ्यांत पाणी. तिने होता नव्हता तेवढा वारा बाहेर काढला. मशीनच्या पडद्यावरची रेघ जेमतेम चढून तिथेच अडली.

"अगं, हे काय? अंगावर काही घट्ट घातलंयस का?"

"नाही," इंगर म्हणाली. एवढं खोटं बोलतानाही तिला धाप लागली.

बाहेर बाकावर तिची मुलगी सिग्ने विणत बसली होती. तेवीस वर्षांची पोर, हाताला डायलिसिसच्या सुयांनी गाठी आलेल्या. आईची किडनी तिला जुळत होती. अडलं होतं ते डॉक्टर आस्गरपाशी. मागच्या खेपेला ताटात केस निघावा तसं त्याने इंगरच्या पोटाकडे पाहिलं होतं. "एवढ्या चरबीखाली फुफ्फुसं फुलणार कुठे? भूल कशी द्यायची तुम्हाला? अजून एकदा फुंकून बघा. नाही जमलं तर तुमचं नाव काढून टाकू." त्या नजरेची इंगरला शिसारी आली होती. आणि आपण मान खाली घातली, याची त्याहून जास्त.

विबेकेने तिच्या पाठीवर हात ठेवला. काहीतरी टणक लागलं. तिने सरळ स्वेटर वर केला. छातीपासून कमरेपर्यंत पोट दाबायचा पट्टा, ताणून हूक लावलेला.

"वेडी आहेस का? वजनाने श्वास थोडा कमी होतो, खरंय. पण तू तर फुफ्फुसांची वळकटीच बांधून आणलीस!"

"डॉक्टरला जरा बारीक दिसावं म्हणून..."

"मघाशी वजनकाटा फसला का? मग डॉक्टरला कशाला फसवतेस? काढ आधी!"

हूक निघाले. कातडीवर लाल चर पडले होते, घामाचा आंबूस वास सुटला. इंगरला स्वतःचीच किळस आली. मग सकाळपासूनचा पहिला पुरा श्वास तिने घेतला.

"आता फुंक!"

रेघ चढली. चढतच राहिली. विबेके ओरडायचीच विसरली.

दार उघडून आस्गर आला. वॉर्डात कुणाचा तरी वाढदिवस होता. त्याच्या हातात केकची बशी, केकमध्ये वाढदिवसाच्या रीतीप्रमाणे खोचलेला लाल-पांढरा कागदी झेंडा, ओठाला क्रीम. इंगरकडे न बघताच त्याने पडद्याकडे पाहिलं.

"हं. चालेल. देता येईल किडनी."

मग खुर्चीवरचा पट्टा त्याला दिसला. दोन बोटांनी उचलून त्याने तो अंगापासून लांब धरला.

"शी! ही घाण कुणाची?"

इंगर सावकाश स्वेटर खाली ओढत होती.

"तुझ्यासाठी घातला होता," ती म्हणाली. "ठेवून घे."